दोन कुलपांचं वाचनालय

सोयाबीनच्या कुटाराला, मळणीतून उडणाऱ्या भुशाला, वास असतो असं लोक म्हणतात. मला तर ती खाजच वाटते. नाकातून शिरते, मानेवर बसते आणि आंघोळ झाल्यावरही पाठीवर कुठेतरी उरते. दसरा जवळ आला की ती तालुक्याच्या गावी, मालेगावात, आमच्या गच्चीपर्यंत येऊन पोहोचते, कारण चहूकडच्या शिवारांत थ्रेशर सुरू झालेले असतात. नवरा म्हणतो, चल, गावाकडे सोंगणी लागली. मी गाडीवर मागे बसते आणि वाटभर स्वतःला बजावत राहते की या वर्षी त्या खोलीकडे बघायचं नाही. मग गाव येतं, पाण्याची टाकी येते, आणि मी बघते.

खोली जागच्या जागी आहे. भिंतींचा गुलाबी रंग उडून त्यांना आता आजारी माणसासारखी कळा आली आहे. दारावर पाटी आहे. पाटीचा वरचा अर्धा भाग कोरा, खालच्या अर्ध्यात ‘सार्वजनिक वाचनालय’. दाराला दोन कोयंडे आहेत आणि दोन कुलपं. एक वर, एक खाली. बाहेरचा माणूस ही कुलपं पाहून म्हणेल, आत काहीतरी फार किमती असलं पाहिजे.

मी या गावची सून. नवऱ्याची नोकरी मालेगावला, म्हणून बिऱ्हाड तिथं. शेत इथं, म्हणून सुगीत इथं. गावाचे दोन पुरे. वरच्या पुऱ्यात आमचं घर, खालच्या पुऱ्यात बौद्ध मंडळींची वस्ती, मध्ये पाण्याची टाकी. दोन्ही पुऱ्यांतली माणसं एकमेकांच्या शेतात राबतात, एकमेकांच्या मयतीला जातात, मोटरसायकलवर एकमेकांना मागे बसवून नेतात. भांडण असं नाहीच. फक्त एका पुऱ्याला काही मिळालं की दुसऱ्याच्या पोटात दुखतं, आणि दोघांनाही मिळालं नाही की गाव सुखानं झोपतं.

आमचं सोयाबीन प्रमिलाबाईंची टोळी सोंगते. प्रमिलाबाई खालच्या पुऱ्यातल्या. विळा चालवताना त्यांचा हात दिसत नाही. त्यांची मोठी मुलगी शीतल. बी.ए. झालेली, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी, बारीक अंगाची. ती सुट्टीच्या दिवशी आईची पात, म्हणजे कापायची ओळ, धरायला यायची आणि दुपारच्या भाकरीला माझ्याजवळ बसायची, कारण मी मालेगावहून जुनी वर्तमानपत्रं आणायचे. भाकर खाता खाता ती वर्तमानपत्राची चौकट न चौकट वाचायची, अगदी श्रद्धांजल्यासुद्धा.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या सुगीत ती रोज बसनं मालेगावला अभ्यासिकेत जायची. बस कधी यायची, कधी यायचीच नाही. मग जीप, मग रस्त्यावर उभं राहणं, मग उभं राहिलेली दिसली म्हणून गावात कुजबुज. घरात दोन खोल्या, पाच माणसं आणि टीव्ही. तिच्या वडिलांनी, विश्वनाथभाऊंनी, माझ्यासमोरच एक दिवस तिला सांगितलं होतं.

“हे पाय, शिकाले मी नाई म्हनत नाई. पन हे रोजचं जानं-येनं आता लय दिवस नाई चालनार. गावात बसून शिकत असशीन तं परीक्षेपावतर शिक. नाई तं कामरगावचे पावने थांबून हायेत.”

वाईट माणूस नव्हता तो. बापानं जेवढं द्यायचं तेवढं त्यानं दिलं होतं, आणि त्यापुढं त्याच्याकडे काही नव्हतं. शीतलनं मान डोलावली. तिला गावात एक खुर्ची हवी होती, एक टेबल हवं होतं आणि शांतता. बस्स, एवढंच. ते मिळालं तर परीक्षा, नाही मिळालं तर कामरगाव.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. पंचायतीकडे काही निधी आला होता आणि त्यातून एकच काहीतरी होणार होतं. वेशीवर कमान, किंवा वाचनालय. कमानीची तयारी जोरात होती. वरच्या पुऱ्यातल्या मंडळींनी शेजारच्या गावची कमान मोबाइलवर मोठी करून करून पाहिली होती. शीतल शेतोशेती फिरली. बायका सोंगणीत वाकलेल्या, कुणाला मान वर करायला सवड नाही. मग ती प्रत्येकीशेजारी विळा घेऊन बसायची आणि सोंगता सोंगता बोलायची.

“माय, तुही पात मी काढून देतो. तू फकत सभेले येजो अन् हात वर करजो.”

आमच्या शेतात सुभद्राबाई नावाची म्हातारी होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, “मले वाचता येत नाई, मी कायले हात वर करू?”

“मावशी, कमान नसली तरी तुमाले गावात येता येतेच ना?” शीतल म्हणाली. “मले वाचनालय नसलं तं कुठीच जाता येत नाई.”

सुभद्राबाई पुढची मूठ कापायला वळली. पण सभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांत पुढं तीच बसली होती. बायका थेट वावरातून आल्या होत्या, केसांत कुटार, हाताला चिकट हिरवे डाग. सरपंचांनी विचारलं, वाचनालयाच्या बाजूनं कोण? बायकांचे हात वर गेले. ते मोजावे लागतील एवढे आहेत हे दिसल्यावर खालच्या पुऱ्यातल्या पुरुषांचे गेले. आणि आता हे होणारच असं दिसल्यावर वरच्या पुऱ्यातल्यांचेही गेले, कारण हरणाऱ्या बाजूला बसायला कुणाला आवडतं? ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. उपसरपंच सुधाकरभाऊंनी सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. कमान त्यांचीच कल्पना होती.

मी ते हात पाहिले आहेत. अजूनही डोळे मिटले की दिसतात. गाव नाही म्हणालं असतं तर शीतल भांडली असती. ती भांडणारी होती. पण गाव हो म्हणालं. हो म्हणालेल्या माणसाशी कसं भांडायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ग्रामसेवकानं ठराव लिहून खाली ‘पुढील कार्यवाही’ असं लिहिलं. मला विचाराल तर मराठीत यापेक्षा निर्दयी शब्द नाहीत. शिवी निदान तोंडावर दिली जाते.

पुढील कार्यवाही म्हणजे आधी जागा. वरच्या पुऱ्यात केली तर खालचे येणार नाहीत, खालच्यात केली तर वरचे चढणार नाहीत, म्हणजे उतरणार नाहीत. शेवटी टाकीजवळचा जुना कोंडवाडा निघाला. तिथं पूर्वी मोकाट गुरं कोंडायचे आणि नंतर पंचायतीनं कधीतरी सिमेंटची खोली बांधून ठेवली होती, बहुधा विसरण्यासाठी. खोली झाडली, रंगवली. पंखे लागले, टेबलं आली, लोखंडी मांडण्या आल्या, तालुक्याहून पुस्तकांची खोकी आली. दिवाळीच्या आत एवढं सगळं झालं. शीतल मालेगावहून परतताना रोज गजांच्या खिडकीतून आत बघायची. खिडकीलगतचं टेबल तिनं मनात धरून ठेवलं होतं. मला म्हणाली होती, “वयनी, ते माहं. तिथं कोनी बसलं तं उठवीन.”

मग नाव. वरच्या पुऱ्याचं एक नाव, खालच्या पुऱ्याचं एक. दोन्ही नावं थोरांची, दोघांनी जन्मभर माणसांना एकत्र आणायचं काम केलेलं, आणि त्यांच्या नावावरून इथं माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. पाटी रंगवणारा शेलूबाजारहून आलेला, तो दोन तास डबा हातात धरून बसला. अखेर ठरलं, खालची ओळ लिही, वरची जागा सोड. नाव ठरेपर्यंत उद्घाटन नाही, पण वाचायला खोली उघडी ठेवायला हरकत नाही, असंही ठरलं. शीतलला तेवढ्यानंही आनंद झाला.

हरकत आली ती चावीची. चावी एका पुऱ्याकडे कशी द्यायची? तेव्हा कुणीतरी म्हणालं, दोन कुलपं लावा. आणि सगळ्यांना ते पटलं. मला आजही वाटतं, हे फक्त आमच्याच गावाला सुचू शकतं. एका दाराला दोन कुलपं. वरच्याची चावी सुधाकरभाऊंकडे, खालच्याची देवानंदकडे. दोघं आले तर दार उघडणार. कुणाचाच कमीपणा नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाला पाठ होती.

देवानंद खालच्या पुऱ्यातला, चाळिशीचा, हसरा. दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा. हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. त्या वर्षीही ट्रक आला, भांडीकुंडी चढली, शेळी चढली, देवानंद चढला. चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती. ती तशीच गेली.

शीतल माझ्याकडे आली. तिनं ओसरीवर बसून त्याला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे उसाच्या पाल्याची सळसळ आणि कुणाचं तरी खोकणं.

“काका, चावी कोनाजवळ देली?”

“माह्याजवळच हाये ना पोरी. सांभाळून ठेवली.”

“कोनासंगं पाठवून द्या ना. येनारा-जानारा कोनीबी चालते.”

“नाई व. गावानं माह्यावर इस्वास ठेवला. उद्या दुसऱ्याच्या हातून हारपली तं वरचे काय म्हनतीन? खालच्यायले एक चावी सांभाळता येत नाई म्हनतीन. तुले चालन का ते?”

शीतलनं फोन ठेवला. त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कुणी काहीतरी जपायला दिलं होतं, आणि तो ते जिवापाड जपत होता, चारशे मैलांवर.

सुधाकरभाऊ मात्र अगदी मोकळे. शीतल गेली की ते जेवत्या ताटावरून उठायचे, चावी घ्यायचे, तिच्याबरोबर टाकीपर्यंत चालत जायचे आणि आपलं वरचं कुलूप उघडून दाखवायचे. “हे पाय, माह्याकडून काई आडकाठी नाई.” मग थोडा वेळ दोघं खालच्या कुलपाकडे बघत उभे राहायचे. मग ते वरचं कुलूप परत लावून घरी जेवायला जायचे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शीतलनं मोजलं असेल. गावातली टवाळ पोरं तिला विचारायची, “का व, कोंडवाडा उघडला का?”

मला त्या माणसाचा राग येतो म्हणावं तर त्यानं केलं काय? जे करायचं ते सगळं हसतमुखानं केलं. मी एकदा म्हणाले, भाऊ, ते खालचं कुलूप काढून टाका, नवीन लावू, चावी देवानंदच्या आईकडे द्या. त्यांनी कानाला हात लावले. “वयनी, खालच्यायचं कुलूप तोडलं म्हनून बोंब होईन. मले गावात तंटा नाई पाह्यजे.” तंटा कुणालाच नको होता. एका मुलीचं वर्ष मोडलं तर त्याला तंटा म्हणत नाहीत.

आणि मग आभाळ आलं. थंडी पडायच्या दिवसांत, अवेळी, मालेगावच्या अंगानं काळं होऊन. भाव वाढेल म्हणून लोकांनी सोयाबीन राखून ठेवलेलं, पोती अंगणात, ताडपत्र्या फाटक्या. दुपारी पहिले थेंब पडले आणि गाव सैरावैरा धावायला लागलं. वरच्या पुऱ्याची पोती, खालच्या पुऱ्याची पोती, सगळी टाकीकडे निघाली, कारण गळत नाही अशी मोकळी खोली तेवढी एकच.

मी तिथं होते. सुधाकरभाऊंनी आपलं कुलूप उघडलं. खालच्या कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. ते सगळ्यांना सांगत होते, हे पाहा, मी हात लावत नाही. मग त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि कोयंड्याचे स्क्रू फिरवायला सुरुवात केली. कोयंडा चौकटीतून सुटून आला, देवानंदचं कुलूप त्याला तसंच बंद लटकत होतं. दार उघडलं. खालच्या पुऱ्यातल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. दोन्ही पुऱ्यांची पोती खांद्याला खांदा लावून आत गेली, टेबलांवर, टेबलांखाली, मांडण्यांना टेकून. एवढी एकी मी त्या गावात आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. सगळं आत गेल्यावर सुधाकरभाऊंनी कोयंडा परत बसवला, स्क्रू घट्ट पिळले, वरचं कुलूप लावलं. शीतल आमच्या मागे पावसात उभी होती, पिशवी छातीशी धरून. ती नुकतीच मालेगावहून आली होती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारात गेली. मी दळण घेऊन तिकडूनच चालले होते.

“भाऊ, तो कोयंडा रोज काढता का? सकाळी तुमी काढा, सांजेले मी लावून देतो. पेचकसबी माहा.”

सुधाकरभाऊ हसले. वाईट हसले नाहीत, मुलांच्या बोलण्याला हसतात तसे. “अवं, ते अडचनीचं काम होतं. सोयाबीन भिजते पोरी. पुस्तकं काय, आत कोरडीच हायेत.”

तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, “बरं.” मला तेव्हा त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सून म्हणून राहणाऱ्या बाईला अशा इच्छा दळणाच्या डब्यासारख्या डोक्यावर घेऊन घरी यावं लागतं.

तूर फुलली. आमच्याकडे तुरीचा फुलोरा आला की रस्त्याच्या दोन्ही बाजू पिवळ्या होतात आणि माणसाला उगाच वाटतं की काहीतरी चांगलं होणार आहे. त्या पिवळ्यातूनच कामरगावचे पाहुणे जीप करून आले. विश्वनाथभाऊंनी डिसेंबरपर्यंत वाट पाहिली होती. बापानं शब्द पाळला. मुलाचं कामरगावात मोबाइलचं दुकान, घर सिमेंटचं, मुलगा निर्व्यसनी. शीतलनं पोहे दिले. त्यांनी विचारलं, पुढं शिकायचं आहे का? ती म्हणाली, हो. ते म्हणाले, अरे वा, आमच्याकडे काही बंधन नाही. पुन्हा सगळे हो म्हणाले.

परीक्षेची तारीख लग्नानंतरच्या आठवड्यात आली. सासरच्यांनी सांगितलं, पाहू. मग घरात पाहुणेरावळे होते, मग बौद्ध घर म्हणून पूजा-गोंधळ नसले तरी नातलगांकडची जेवणं होती, आणि ती परीक्षेला बसली नाही.

आता गावात त्या खोलीचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. वाचनालयाचं उद्घाटन अजून झालेलं नाही. वरची अर्धी पाटी कोरी आहे. पण खोली वापरात आहे, फार वापरात आहे. लग्नसराईत तिथं जानोसा देतात. नवरदेवाकडची माणसं उतरवायला गावात दुसरी अशी जागा नाही. पंखे आहेत, फरशी आहे, टाकीचं पाणी जवळ आहे. दोन्ही चाव्या तासाभरात हजर होतात, कारण पाहुण्यांसमोर गावाची इज्जत असते. सोयरीक ठरवताना आमच्या गावची माणसं अभिमानानं सांगतात, “आमच्याइथं जानोशाची सोय लय चांगली हाये.” यंदाही सोंगणीला आले तेव्हा सुधाकरभाऊंनी मला सांगितलं, खोलीला कूलर बसवायचा ठराव येणार आहे. एकमतानं मंजूर होईल, मला शंका नाही.

ही प्रथा पडली ती शीतलच्या लग्नापासून.

ऊस संपला होता आणि देवानंद आदल्याच दिवशी परतला होता, काळा ठिक्कर पडून, पण चावी घासून लखलखीत. लग्नाच्या सकाळी सगळ्यांच्या देखत त्यानं करगोट्याची गाठ सोडली. “सांभाळली का नाई?” तो विश्वनाथभाऊंना म्हणाला, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुधाकरभाऊंनी वरचं उघडलं, देवानंदनं खालचं. दोघांनी मिळून दार ढकललं. त्या महिन्यांत पहिल्यांदाच ते रीतसर उघडलं होतं. पोती तूर निघण्याच्या आधीच, पुन्हा पेचकसानंच बाहेर काढून, विकली गेली होती. फरशीवर सोयाबीनचे दाणे तेवढे राहिले होते.

मी जानोशाला चहा घेऊन गेले. वऱ्हाडातली पुरुषमंडळी पुस्तकांच्या खोक्यांवर बसली होती. खोकी दणकट निघाली, पत्त्यांचा डाव छान जमला होता. मांडण्यांवर टॉवेल वाळत होते. खिडकीजवळच्या टेबलावर नवरदेवाच्या मोठ्या भावानं आरसा टेकवला होता आणि तो गालाला साबण लावून दाढी करत होता. मला बघून त्यानं अदबीनं नमस्कार केला. चांगली माणसं होती. सगळीच चांगली माणसं होती.

तिथून मी नवरीकडे गेले. शीतल बौद्ध लग्नाच्या पांढऱ्या साडीत आतल्या खोलीत बसली होती, आजूबाजूला बायका, प्रमिलाबाई गजरा सोडवत होत्या. विळ्याच्या हाताला दोरा उकलत नव्हता. नवरीनं जानोशाकडे फिरकायचं नसतं, एवढं आमच्या दोन्ही पुऱ्यांना एकदम मान्य आहे. दार दिवसभर उघडं राहणार होतं आणि ती तिथं जाऊ शकत नव्हती. तिनं मला जवळ बोलावलं.

“जानोशाकडून आल्या का, वयनी?”

“हो.”

“त्या खिडकीजवळच्या टेबलावर उजेड कसा येते?”

खोटं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण गावानं तिला सहा महिने गोड बोलून पुरतं मारलं होतं, आणि मला त्यात भर घालायची नव्हती.

“चांगला येतो,” मी म्हणाले. “तुझा मोठा दीर तिथं बसून दाढी करतोय.”

“दाढीले पुरते तं वाचाले पुरतेच,” ती म्हणाली, आणि आईला गजरा माळता यावा म्हणून तिनं मान खाली केली.